तीस टॅब, एक बोर्ड आणि दूरची डीपी

शाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या टॅबमधील बॅटरी साधारणपणे पाच ते आठ हजार मिलिअँपिअर-तास क्षमतेची असते. ७,००० हा आकडा धरला आणि लिथियम बॅटरीचा सरासरी दाब ३.८ व्होल्ट मानला, तर तिच्यात सुमारे २७ वॉट-तास ऊर्जा मावते. असे ३० टॅब पूर्ण उतरलेले असताना एकदम चार्जिंगला लावले आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये व बॅटरीत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारा भाग जमेस धरला, तरी मीटरवर सव्वा युनिटापेक्षा अधिक नोंद होत नाही. पाणी तापवण्याचा दोन किलोवॉटचा गीझर तेवढी वीज पाऊण तासाच्या आत संपवतो. असे असूनही ज्या शाळांत, वसतिगृहांत किंवा प्रशिक्षण वर्गांत अनेक टॅब एका खोलीत भरले जातात, तिथे बटण दाबताच एमसीबी पडणे, पडद्यावर चार्जिंगचे चिन्ह दिसत असूनही टक्केवारी न चढणे, इन्व्हर्टर ओरडू लागणे आणि एखाद्या सकाळी पाच-सहा अ‍ॅडॉप्टर एकदम जळालेले सापडणे या तक्रारी नित्याच्या असतात. त्यांचे मूळ विजेच्या एकूण मागणीत नाही. ती मागणी कोणत्या क्षणी येते, प्रवाह कोणत्या आकाराने ओढला जातो आणि शेवटच्या काही मीटर तारेत काय घडते, यांत ते आहे.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे तालुके या प्रश्नाच्या अभ्यासासाठी सोयीचे आहेत, कारण मोठ्या विजेचे आणि शेवटच्या वायरीचे अंतर येथे जवळजवळ नजरेच्या टप्प्यात येते. टाटांच्या जलविद्युत योजनांपैकी खोपोलीचे केंद्र १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले, आणि ही तिन्ही ठिकाणे आजच्या रायगड जिल्ह्यातच आहेत. मुळशीच्या ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला, त्याच धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या जनित्रांवर येते आणि तेथून कुंडलिकेत सोडले जाते. कोलाडचे राफ्टिंग आणि रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीचे पाणी या सोडलेल्या प्रवाहावरच अवलंबून आहे. ही वीज मात्र मुंबईच्या गिरण्यांसाठी निर्माण केली गेली, आणि ज्या गावांच्या डोक्यावरून तिच्या तारा गेल्या त्यांच्यापैकी बहुतेकांना दिवा मिळाला तो १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या काळात. आज हे वितरण महावितरणच्या पेण मंडळाकडे आहे. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आहे, रोहा तालुक्यात नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल आहे. त्यांचा पुरवठा उच्चदाब वाहिन्यांवरून स्वतंत्रपणे होतो, त्यामुळे मोठा कारखाना शेजारी असला म्हणजे वाडीवरच्या शाळेची वीज सुधारते असा अर्थ त्यातून निघत नाही.

वाडीवरच्या शाळेची वीज ठरते ती डीपीपासून. डीपी म्हणजे वितरण रोहित्र. ११ किंवा २२ हजार व्होल्टचा दाब ते सुमारे ४०० व्होल्टवर उतरवते आणि तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारांनी गावाला देते. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधील दाब २३० व्होल्ट असावा आणि लघुदाबाच्या ग्राहकासाठी तो ६ टक्क्यांहून अधिक हलू नये, म्हणजे ढोबळमानाने २१६ ते २४४ या मर्यादेत राहावा, अशी अपेक्षा आहे. डोंगरउताराची वस्ती विखुरलेली असल्यामुळे डीपीपासून शेवटच्या घरापर्यंतची तार लांबते, आणि तार जितकी लांब व बारीक तितका तिच्यात दाब गळतो. ओव्हरहेड तारांना जाडीनुसार प्राण्यांची नावे आहेत, आणि लाइनमनच्या तोंडी ‘रॅबिट’, ‘विझल’, ‘डॉग’ हे शब्द सहज असतात. यांपैकी विझल तारेचा रोध दर किलोमीटरला जवळपास एक ओहम असतो. शाळा डीपीपासून अर्ध्या किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन एक किलोमीटर तार होते, आणि ३० टॅबांचा दोन-तीन अँपिअर प्रवाह तिच्यात दोन-तीन व्होल्टच गाळतो. त्याच तारेवर संध्याकाळी गावाचा मिळून ३० अँपिअर भार आला की २८ व्होल्ट गळतात आणि शाळेत २०० व्होल्ट उरतात. याचा अर्थ असा की दाब पडण्याचे खापर टॅबांवर फोडता येत नाही. टॅब हे पडलेल्या दाबाचे केवळ भोक्ते आहेत.

येथे एक जुनी समजूत दुरुस्त करावी लागते. तारेचा दिवा किंवा शेगडी यांना दाब कमी मिळाला तर त्या प्रवाहही कमी घेतात आणि मंद चालतात. टॅबच्या अ‍ॅडॉप्टरची रीत उलटी आहे: त्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे छापलेले असते, आणि त्या मर्यादेत दाब कितीही असला तरी बाहेर ठरलेली शक्ती देत राहण्यासाठी दाब पडला की तो अधिक प्रवाह ओढतो. एलईडी दिव्यांचे चांगले ड्रायव्हर आणि दूरचित्रवाणी संच यांचेही तसेच असते. ज्या वाहिनीवर अशी उपकरणे वाढतात तिथे दाब कमी झाल्यामुळे भार आपोआप हलका होण्याचा पूर्वीचा गुण उरत नाही. पेण तालुक्यात गणेशोत्सवाआधीच्या आठवड्यांत दाब पडण्याला आणखी एक कारण जोडले जाते. पेण शहर आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांतील मूर्तींच्या कारखान्यांत त्या काळात रात्रंदिवस रंगकाम चालते, रंगाच्या फवाऱ्यासाठी कॉम्प्रेसर लागतात, आणि कॉम्प्रेसरची मोटर सुरू होताना काही क्षण तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह घेते. असा प्रत्येक झटका त्या फेजवरच्या सर्वांचा दाब क्षणभर खाली ओढतो. अ‍ॅडॉप्टर हे झटके बहुधा पचवतो. पुन्हा पुन्हा चालू-बंद होणारा स्वस्त स्टॅबिलायझर मात्र ते पचवू शकत नाही, म्हणून केवळ टॅबांसाठी स्टॅबिलायझर घेणे हा पैशाचा अपव्यय होय.

अ‍ॅडॉप्टर प्रवाह कसा घेतो हे समजल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. आत शिरताच पर्यायी प्रवाह डायोडच्या पुलावरून एकदिश केला जातो आणि एका विद्युतधारकात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, साठवला जातो. खाडीकाठच्या खारेपाटातील मिठागराच्या राखीव तळ्यात समुद्राचे पाणी फक्त उधाणाच्या वेळी शिरते, कारण इतर वेळी बाहेरची पातळी आतल्या पातळीपेक्षा खाली असते. विद्युतधारकही तसाच, २३० व्होल्टच्या लाटेचे शिखर ३२५ व्होल्टपाशी येते तेवढ्या अरुंद क्षणातच भरून घेतो आणि लाटेच्या बाकीच्या काळात काहीच ओढत नाही. त्यामुळे प्रवाहाची रेषा गोल लाटेसारखी न राहता टोकदार सुळक्यांची होते. तारेला आणि फ्यूजला सोसावा लागणारा प्रवाह आणि खऱ्या उपयोगी शक्तीचा प्रवाह यांत अशा वेळी तफावत पडते; या दोहोंचे नाते ‘शक्तिगुणक’ या संख्येने सांगतात. शुद्ध शेगडीचा शक्तिगुणक १ असतो, तर दहा वॉटच्या साध्या अ‍ॅडॉप्टरचा जेमतेम ०.५ ते ०.६. आंतरराष्ट्रीय मानकांत हा आकार सुधारण्याची सक्ती अशा उपकरणांना साधारण ७५ वॉटच्या वरच लागू होते. सुटे अ‍ॅडॉप्टर प्रत्येकी या मर्यादेच्या खूप खाली असतात, पण ३० एकत्र केले की मर्यादा ओलांडूनही सक्तीतून सुटतात. मानकांतील ही फट लहान दिसते, तरी बहुतेक गोंधळ तिच्यातूनच येतो.

भिंतीवरचे बटण दाबल्याक्षणी सगळे विद्युतधारक रिकामे असतात. त्या पहिल्या मिलिसेकंदात प्रत्येक अ‍ॅडॉप्टर, आतील रोधाने कितीही आवरला तरी, नेहमीच्या प्रवाहाच्या अनेक पटींनी मोठा घोट घेतो, आणि ३० घोट एकाच वेळी पडतात. बटण लाटेच्या शिखरावर दाबले गेले तर अधिकच. घरगुती वापराची ‘बी’ वर्गाची एमसीबी तिच्या अंकित प्रवाहाच्या तीन ते पाच पटींत तत्काळ पडते, म्हणजे ६ अँपिअरची एमसीबी १८ ते ३० अँपिअरमध्ये. ‘सी’ वर्गाची पाच ते दहा पट सोसते. म्हणूनच मीटरवर जेमतेम दोन-तीन अँपिअरचा भार असताना एमसीबी पडल्याचे पाहून वायरिंगमध्ये शॉर्ट शोधत बसण्यापूर्वी, अ‍ॅडॉप्टर चार-पाचच्या गटाने काही सेकंदांच्या अंतराने चालू करून पाहावेत. तेवढ्याने एमसीबी टिकली तर दोष तारेचा नसतो. लाईट गेल्यावर बोर्डाची बटणे तशीच चालू राहिली, तर वीज परत येते त्या क्षणी हाच घोट पुन्हा पडतो, आणि तोही गावातल्या सर्व फ्रिज-पंपांच्या घोटाबरोबर.

टोकदार प्रवाहाचा दुसरा परिणाम न्यूट्रलवर होतो. तीन फेजवरचे भार सारखे असतील तर न्यूट्रलमध्ये परतीचे प्रवाह एकमेकांना छेद देऊन शून्यावर येतात, असे पुस्तकात शिकवले जाते, आणि गोल लाटांपुरते ते खरे आहे. सुळक्यांच्या प्रवाहात मात्र ५० हर्ट्‌झबरोबर त्याच्या तिप्पट, म्हणजे १५० हर्ट्‌झचा मोठा अंश असतो, आणि तिन्ही फेजचे हे अंश न्यूट्रलमध्ये परस्परांना न छेदता बेरजेने जमतात. भार पूर्णतः अशाच उपकरणांचा असेल तर न्यूट्रलमधील प्रवाह फेजच्या प्रवाहाच्या १.७ पटींपर्यंत जाऊ शकतो. जुन्या इमारतींत आणि जुन्या वाहिन्यांत न्यूट्रल फेजपेक्षा बारीक टाकण्याची पद्धत होती. खारेपाटाच्या गावांत खाऱ्या दमट वाऱ्याने सांधे गंजतात, आणि गंजलेल्या सांध्यावर हा प्रवाह पडला की तो तापतो, सैल होतो आणि एखाद्या दिवशी सुटतो. न्यूट्रल सुटली की दोन फेजवरची घरे एकामागोमाग जोडल्यासारखी ४०० व्होल्टमध्ये अडकतात, आणि ज्या बाजूला भार हलका त्या बाजूला दाब चढतो. रात्री शाळेत फक्त टॅब लावलेले असतात, म्हणजे हलकी बाजू बहुधा तीच. सकाळी पाच-सहा अ‍ॅडॉप्टर एकदम गेलेले सापडण्याचे हे सर्वांत संभाव्य कारण आहे. वीज पडली असा समज त्यावेळी होतो, परंतु आदल्या रात्री आभाळ निरभ्र असेल तर न्यूट्रलचाच संशय घ्यावा. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यात खांब आणि तारा इतक्या मोठ्या प्रमाणावर पाडल्या की काही गावांत वीज परतायला आठवडे लागले, आणि नेमके त्याच महिन्यात करोनामुळे शाळा बंद असल्याने शिक्षण मोबाईल व टॅबवर आले होते. अशा घाईच्या दुरुस्तीनंतर वीज प्रथम येते तेव्हा काही वेळ थांबून, परीक्षक दिव्याने नव्हे तर मीटरने फेज-न्यूट्रल दाब मोजून मगच नाजूक उपकरणे जोडणे शहाणपणाचे असते; परीक्षक दिवा २३० आणि ३३० यांत फरक सांगत नाही.

आता अ‍ॅडॉप्टरच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. टक्केवारी न चढण्याची तक्रार जवळजवळ नेहमी इथे जन्म घेते. संगणकाच्या जुन्या यूएसबी छिद्रातून मानकानुसार ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. नंतरच्या पिढीच्या छिद्रातून साडेचार. चालू पडद्याचा टॅब स्वतःच तेवढे खातो. चार्जिंगसाठीच असलेल्या छिद्रात डेटाच्या दोन तारा आतून जोडलेल्या असतात आणि त्यावरून टॅबला ‘येथे दीड अँपिअर घेता येईल’ हे कळते. काही उत्पादक त्या तारांवर स्वतःच्या ठरावीक दाबांची खूण ठेवतात, आणि ती खूण न दिसल्यास त्यांचा टॅब अर्ध्या अँपिअरवर थांबतो. टाइप-सी आणि पॉवर डिलिव्हरी या नव्या पद्धतीत अ‍ॅडॉप्टर व टॅब प्रत्यक्ष वाटाघाटी करून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट निवडतात. म्हणून एका कंपनीचा टॅब, दुसरीचा अ‍ॅडॉप्टर आणि तिसरीची केबल अशी जुळणी झाली की चार्जिंग होते, पण रांगत. अनेक छिद्रांच्या एका चार्जरवर ‘१० अँपिअर’ लिहिलेले असेल, तर ते बहुधा सर्व छिद्रांचे मिळून असते. दहा टॅब त्यावर लावले की प्रत्येकाच्या वाट्याला एकच अँपिअर येतो, आणि काही चार्जर नवा टॅब जोडला की सर्वांची वाटाघाट मोडून पुन्हा सुरू करतात.

केबलचा हिशेब तर अधिक बोलका आहे. स्वस्त केबलमधील वीजवाहक तारा २८ क्रमांकाच्या असतात आणि एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन त्यांचा रोध सुमारे ०.४३ ओहम भरतो. दोन अँपिअर प्रवाहाला त्यात ०.८५ व्होल्ट गळतात आणि ५ व्होल्टचे टॅबपाशी ४.१५ उरतात. टॅबमधील नियंत्रक दाब इतका पडलेला पाहून प्रवाह कमी करतो, आणि दोन तासांचे काम पाच तासांवर जाते. २४ क्रमांकाच्या जाड तारांत हीच गळ ०.३५ व्होल्टच्या आत राहते. ज्या दाबाच्या गळतीसाठी गावकरी डीपीकडे बोट दाखवतात, तिचे प्रमाण या एका मीटरमध्ये १७ टक्के असते, आणि महावितरणवर मात्र ६ टक्क्यांची मर्यादा आहे. पेण-रोह्याच्या पावसाळ्यात छिद्रांच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो तेव्हा हे प्रमाण आणखी वाढते. चांगल्या आखूड केबलवर खर्च करणे हा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

टॅबच्या धातूच्या पाठीला हात लावल्यावर जाणवणाऱ्या झिणझिण्या हाही पुष्कळदा चुकीच्या जागी शोधला जाणारा दोष आहे. विद्युतगोंगाट कमी करण्यासाठी अ‍ॅडॉप्टरच्या दोन बाजूंमध्ये एक लहान विद्युतधारक जोडलेला असतो, आणि त्यातून अतिसूक्ष्म प्रवाह पलीकडे झिरपतो. दोन पिनांच्या हातात धरण्याच्या उपकरणासाठी त्याची मान्य मर्यादा पाव मिलिअँपिअर आहे. एकटा असताना तो निरुपद्रवी असतो. परंतु अनेक अ‍ॅडॉप्टरांच्या ऋण बाजू धातूच्या एकाच रॅकमध्ये परस्परांना टेकल्या की हे झिरपे बेरजेने वाढतात, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाला त्याची कळ जाणवण्याइतकी असते. रॅकला खरे अर्थिंग हवे, म्हणजे भिंतीच्या तिसऱ्या भोकामागे तार असून ती जमिनीत पोहोचलेली हवी. खडकाळ उतारावर मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग कागदावरच उरते. गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल आणि अर्थ तारेने येणाऱ्या अनेक झिरप्यांमुळे तो पडत असेल, तर तो काढून टाकणे हा उपाय नव्हे; भार दोन आरसीसीबींवर वाटणे हा आहे.

लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला जातो, आणि तिथेही शक्तिगुणक आडवा येतो. दहा वॉटचे ३० अ‍ॅडॉप्टर भिंतीतून सुमारे ३६० वॉट घेतात, पण ०.५५ शक्तिगुणकाने ते ६५० व्होल्ट-अँपिअर होतात. ६०० व्हीएचा इन्व्हर्टर त्यामुळे ‘निम्म्या भारावर’ ओरडू लागतो आणि विक्रेत्याला दोष दिला जातो. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत नावापुरते १,८०० वॉट-तास असले तरी ती निम्म्याहून फार खाली उतरवू नये आणि इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस टक्के गिळतो, हे धरले तर एका खेपेचे ३० टॅब पूर्ण भरण्याआधीच ती थकते. बॅटरीतील एकदिश वीज इन्व्हर्टरने पर्यायी करायची आणि अ‍ॅडॉप्टरने ती पुन्हा एकदिश करायची, हा द्राविडी प्राणायाम टाळून सौर पॅनेलवरून थेट १२ व्होल्टच्या चार्जरने टॅब भरता येतात. कोकणात तो मार्ग ऑक्टोबर ते मे उत्तम चालतो आणि जुलै-ऑगस्टच्या ढगांत त्यावर विसंबता येत नाही.

लिथियम बॅटरी प्रथम एकसारखा प्रवाह घेते आणि पेशीचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास पोहोचला की तो दाब धरून प्रवाह कमी करत नेते, म्हणून पहिले सत्तर-ऐंशी टक्के लवकर होतात आणि उरलेले रेंगाळतात. सर्व टॅब एकदम लावले की पहिल्या तासात मागणीचे शिखर येते आणि पुढे बोर्ड बराच काळ जवळजवळ मोकळा राहतो. तेच टॅब दहा-दहाच्या तीन खेपांनी, प्रत्येक ऐंशी टक्क्यांवर थांबवून भरले तर एकूण वेळ वाढतो, पण शिखर एक तृतीयांशावर येते आणि बॅटरीचे आयुष्यही लांबते. चार्जिंग ट्रॉली विकणाऱ्या कंपन्या हेच काम टायमरने करतात. आश्रमशाळेच्या वसतिगृहात, जिथे मुले तिथेच राहतात, ते काम जेवणाआधी, अभ्यासानंतर आणि पहाटे अशा तीन वेळा ठरवून हातानेही होते, आणि त्यात संध्याकाळच्या पडलेल्या दाबाचा काळ बराचसा टळतो. टॅब लोखंडी कपाटात कुलूपबंद करून चार्जिंगला लावण्याची चोरीच्या भीतीतून आलेली सवय मात्र मोडायला हवी, कारण तीस अ‍ॅडॉप्टर आणि तीस बॅटऱ्या मिळून शंभरेक वॉट उष्णता बाहेर टाकतात, आणि ४५ अंशांवरच्या पेशीत चार्ज ढकलणे धोक्याचे असते. जाळीचे दार त्या दृष्टीने पुरेसे असते.

हे सर्व पाळले तरी वर्षातील एक काळ विशेष जपावा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते आणि पूर्ण उतरवून ठेवलेली आणखी उतरत जाऊन अशा पातळीला पोहोचते की चार्जरला प्रथम अगदी बारीक प्रवाहाने तिला उठवावे लागते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते तेव्हा असे सगळे टॅब एकाच दिवशी बोर्डावर येतात, आणि तेच दिवस पावसाच्या पहिल्या सरींचे, फांद्या तारांवर पडण्याचे आणि वारंवार लाईट जाण्याचे असतात. म्हणून सुट्टीपूर्वी टॅब साधारण निम्म्यावर आणून बंद करणे, महिन्याने एकदा पाहणे आणि जूनची पहिली खेप शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधी, दिवसा, कोणीतरी हजर असताना लावणे हे वेळापत्रक पेण-रोह्याच्या हवामानाला जुळणारे आहे.